काच कशी धरावी: पुण्यातील प्रकाशीय बैठकांचा आढावा

भिंग, आरसा, लोलक किंवा फिल्टर यांची जागा ठरवणारा आणि ती टिकवणारा भाग म्हणजे त्या घटकाची बैठक. कारखान्यात तिला माउंट म्हणतात, भिंगाभोवतीच्या कड्याला सेल म्हणतात. बैठकीकडून दोन गोष्टी अपेक्षित असतात आणि त्या एकमेकींच्या आड येतात: घटक हलू नये आणि त्याच्यावर ताणही येऊ नये. काच घट्ट आवळली तर वाकते, सैल ठेवली तर सरकते. किती सूक्ष्म हालचालीने बिघडते याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची एक कड एक मायक्रॉनने पुढे आली, तर आरसा १० मायक्रोरेडियनने कलतो. परावर्तित किरण त्याच्या दुप्पट कलतो आणि एक मीटर अंतरावर २० मायक्रॉन बाजूला पडतो. लेझर यंत्रात किंवा मापनाच्या उपकरणात एवढी चूक खपत नाही.

पुण्यात हा प्रश्न दोन टोकांना भेटतो. एका टोकाला गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था आहे. दुर्बिणी आणि त्यांवरची उपकरणे तिथल्या प्रयोगशाळेत बांधली जातात. दुसऱ्या टोकाला भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने आहेत. तिथे यंत्राचे भाग मोजायला आणि कापायला प्रकाश वापरला जातो. दोन्हीकडे शब्द वेगळे असले तरी अडचण तीच असते.

कोणत्याही घन वस्तूला हलण्याचे सहाच मार्ग असतात: तीन दिशांना सरळ सरकणे आणि तीन अक्षांभोवती वळणे. हे सहा मार्ग प्रत्येकी एकदाच अडवले की वस्तूची जागा ठरते आणि तिच्यात ताणही निर्माण होत नाही. सातवा अडथळा आला की वस्तू आणि बैठक एकमेकांशी झगडू लागतात; तीन पायांची तिवई कोणत्याही फरशीवर स्थिर बसते, चार पायांचे टेबल मात्र फरशी सपाट नसेल तर डुगडुगते किंवा दाबले तर वाकते. लॉर्ड केल्विन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बैठकीत वरच्या चकतीला तीन गोळ्या असतात. खाली एका गोळीसाठी शंकूसारखा खड्डा, दुसरीसाठी व्ही आकाराची खाच आणि तिसरीसाठी सपाट जागा असते. खड्डा तीन मार्ग अडवतो, खाच दोन आणि सपाट जागा एक. चकती उचलून पुन्हा ठेवली तरी ती मायक्रॉनच्या अंशात त्याच जागी बसते. एकाच जागी आलटून पालटून फिल्टर किंवा आरसे बसवायचे असतील तिथे हा गुण सोन्याच्या मोलाचा ठरतो.

हे तत्त्व पुण्याच्या कारखान्यांत रोज हजारो वेळा वापरले जाते, फक्त ते दिसत नाही. भागांची मापे घेणाऱ्या सीएमएम (सहनिर्देशक मापन) यंत्राच्या टोकाला असलेल्या स्पर्शप्रोबमध्ये तीन दांड्या असतात आणि प्रत्येक दांडी गोळ्यांच्या एका जोडीवर टेकलेली असते. म्हणजे स्पर्शबिंदू बरोबर सहा. प्रोबची सुई कुठे टेकली की एखादा स्पर्श सुटतो, विद्युतमंडल बदलते आणि त्या क्षणाची जागा नोंदली जाते. सुई मोकळी झाली की स्प्रिंग तिला पूर्वीच्याच जागी आणून बसवते. डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी कॉंकॉर्ड विमानाच्या इंजिनातील बारीक नळ्या मोजण्याच्या गरजेतून हा प्रोब शोधला. त्यातून १९७३ साली रेनिशॉ ही कंपनी निघाली आणि तिचे भारतातील मोठे केंद्र पुण्यात आहे. प्रोबमध्ये काच नसली तरी प्रकाशीय बैठक शिकणाऱ्याने आधी हा प्रोब उघडून पाहावा. सहा स्पर्शांचा नियम इतक्या स्वच्छपणे इतरत्र क्वचितच दिसतो.

भिंगाच्या बाबतीत मात्र हा नियम जसाच्या तसा पाळता येत नाही. गोल भिंग तीन बिंदूंवर टेकवले तर त्या बिंदूंपाशी दाब एकवटतो आणि काच तिथेच तडकू शकते. म्हणून भिंग सेलमधल्या खांद्यावर पूर्ण परिघाने टेकवतात आणि वरून आट्यांची रिंग फिरवून बसवतात. रिंगची धार टोकदार ठेवली तर दाब बारीक रेषेवर येतो. तिला भिंगाच्या वक्रतेला स्पर्शरेषेत जाणारा उतार दिला तर दाब बराच कमी होतो. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. रचना करताना काचेवरचा ताण सुमारे ७ मेगापास्कलच्या आत ठेवण्याचा जुना दंडक आहे. रिंग किती आवळायची तेही गणिताने ठरते. उपकरणाला प्रक्षेपणात किंवा वाहतुकीत ५० पट गुरुत्वाचा झटका बसणार असेल, तर २०० ग्रॅमचे भिंग जागेवर राहण्यासाठी रिंगने सुमारे १० किलो वजनाइतका दाब आधीच दिलेला असावा लागतो.

भिंगाचा अक्ष सेलच्या अक्षाशी जुळवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. सेल अचूक फिरणाऱ्या, हवेच्या बेअरिंगवरच्या टेबलावर ठेवतात आणि ऑटोकोलिमेटरने भिंगाच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाशबिंदू पाहतात. टेबल फिरताना तो बिंदू वर्तुळ काढत असेल तर भिंग केंद्रात नाही. भिंग हळूहळू सरकवत वर्तुळ लहान करत नेतात, आणि बिंदू स्थिर झाला की चिकटद्रव्य सोडतात. दुसऱ्या पद्धतीत भिंग आधीच सेलमध्ये चिकटवतात आणि मग अख्खी सेल लेथवर धरून तिचा बाहेरचा व्यास भिंगाच्या अक्षाला धरून कापतात. अशा सेल एकावर एक रचल्या की अक्ष आपोआप जुळतात. काचेतील चूक धातू कापून दुरुस्त करण्याची ही युक्ती पुण्याच्या टूलरूममधल्या कुशल लेथ कारागिराला समजावून सांगावी लागत नाही.

खरी कसोटी तापमानाची. नेहमीच्या वापरातली बीके-७ काच एक अंश सेल्सियसला दहा लाखात सुमारे ७ भाग प्रसरण पावते, ॲल्युमिनियम २३, पोलाद ११ ते १२, टायटॅनियमचा मिश्रधातू ८.६, इन्व्हार सुमारे १.२ आणि फ्यूज्ड सिलिका अवघी ०.५ भाग. पुण्यात हिवाळ्याची पहाट दहा अंशांच्या खाली जाते आणि एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळीसला टेकतो. १०० मिलिमीटरचे भिंग ॲल्युमिनियमच्या सेलमध्ये असेल, तर ४० अंशांच्या फरकाने दोहोंच्या व्यासातील अंतर ६४ मायक्रॉनने बदलते. उन्हात भिंग सैल होते आणि थंडीत धातू त्याला आवळतो. टायटॅनियमच्या सेलमध्ये हाच फरक सहा मायक्रॉनवर येतो. टायटॅनियम महाग आहे आणि कापायला चिवट आहे, तरी प्रकाशीय कामात त्याला मान आहे तो याच जुळणीमुळे. इन्व्हार सर्वांत कमी प्रसरणाचा म्हणून नेहमीच उत्तम, हा समज मात्र चुकीचा आहे. बीके-७ भिंगाला इन्व्हारमध्ये बसवले तर उन्हाळ्यात काच वाढते आणि धातू वाढत नाही. जुळणी काचेप्रमाणे करायची असते. फ्यूज्ड सिलिकाला इन्व्हार शोभतो, बीके-७ ला टायटॅनियम.

सेल ॲल्युमिनियमचीच ठेवायची असेल तर मध्ये सिलिकोन रबराचा थर देतात. रबर धातूच्या दहापट प्रसरण पावते. म्हणून योग्य जाडीचा थर काच आणि धातू यांच्या प्रसरणातील फरक भरून काढतो. वर घेतलेल्या भिंगासाठी साध्या सूत्राने ही जाडी ॲल्युमिनियमला सुमारे ३.५ मिलिमीटर येते आणि टायटॅनियमला जेमतेम ०.३ मिलिमीटर. प्रत्यक्षात रबर सर्व बाजूंनी कोंडलेले असल्यामुळे हे आकडे थोडे बदलतात, पण आरंभ इथूनच होतो. इपॉक्सी अधिक मजबूत असते, मात्र घट्ट होताना आकुंचन पावते आणि त्या ओढीने पातळ आरसा वाकतो. म्हणून इपॉक्सी परिघभर न लावता तीन-चार लहान ठिपक्यांत लावतात. चिकटवण्याआधीची स्वच्छता हा कंटाळवाणा विषय आहे आणि निम्मे अपयश तिथेच दडलेले असते.

घर्षण आणि सैलपणा दोन्ही टाळायचे असतील तेव्हा फ्लेक्सर वापरतात. धातूतच अरुंद माना कापलेल्या असतात; त्या एका दिशेने लवचिक आणि बाकीच्या दिशांनी ताठ राहतात. सेलच्या आत असे तीन फ्लेक्सर असले की तापमान बदलले तरी भिंग केंद्रातून हलत नाही, आणि प्रसरणाचा फरक फ्लेक्सर वाकून सोसतात. वायर-कट यंत्रामुळे असे भाग एकाच ठोकळ्यातून कापता येतात. डाय बनवणाऱ्या शहरात ही यंत्रे आणि ती चालवणारे हात दोन्ही मिळतात, ही पुण्याची जमेची बाजू आहे.

आरसा भिंगापेक्षा अधिक नाजूक असतो, कारण त्याच्या पृष्ठातील प्रत्येक खोट परावर्तनात दुप्पट होते. वेधासाठीचा चांगला आरसा तरंगलांबीच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे तांबड्या लेझरसाठी सुमारे ६० नॅनोमीटरपर्यंत खरा असावा लागतो. मोठ्या आरशाचे स्वतःचे वजन त्याला यापेक्षा जास्त वाकवू शकते. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर लवण सोळापट होते. त्यामुळे मोठ्या आरशाला पाठीमागून अनेक बिंदूंनी आधार देतात आणि तराजूसारख्या दांड्यांची साखळी प्रत्येक बिंदूवर वजनाचा ठरलेला वाटा पोचवते. बिंदू नऊ असोत की अठरा, साखळी शेवटी तीनच आधारांवर येते, त्यामुळे सहा मार्गांचा नियम मोडत नाही.

हौशी दुर्बीण बनवणाऱ्यांना हा धडा स्वस्तात मिळतो. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था काम करते आहे, आणि आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. सहा इंची आरसा घासून-चकाकवून झाल्यावर तो नळीत बसवताना तीन क्लिप जास्त आवळल्या, की दुर्बिणीत तारा त्रिकोणी दिसू लागतो. क्लिप आणि आरसा यांच्यात कागदाची चिठ्ठी सहज सरकेल इतकी फट ठेवली की तारा पुन्हा गोल होतो. महिनाभर घासलेल्या काचेत दोष शोधत बसण्याआधी स्क्रू अर्धा आटा सैल करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. तिच्या मुख्य आरशामागच्या केंद्रापाशी आयफॉस्क हे मंद वस्तूंची चित्रे आणि वर्णपट घेणारे उपकरण लावतात. अशा उपकरणाची अडचण प्रयोगशाळेतल्या टेबलावर कळत नाही. दुर्बीण आकाशात वळते तसे उपकरणही कलते आणि त्याच्यावरील गुरुत्वाची दिशा रात्रभर बदलत राहते. भिंगे, जाळी आणि संवेदक यांना धरणाऱ्या भागांना काही मायक्रॉनची लवण आली तरी वर्णपटातील रेषा संवेदकावर सरकतात, आणि तारा सरकला की उपकरण सरकले हे वेगळे करणे अवघड होते. म्हणून वेधांच्या मध्ये ज्ञात रेषांच्या दिव्याचा वर्णपट घेत राहतात. बैठकीची लवण शून्य करता येत नसल्यामुळे ती मोजून वजा करतात.

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावरील सूट ही दुर्बीण आयुकाच्या नेतृत्वाखाली इस्रोच्या सहकार्याने तयार झाली. यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटले, ६ जानेवारी २०२४ ला एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले, आणि सूटची पहिली पूर्ण सूर्यबिंबाची चित्रे डिसेंबर २०२३ मध्येच प्रसिद्ध झाली होती. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या जंबुपार पट्ट्यात अकरा फिल्टरांतून ती सूर्य पाहते. तिचा संवेदक ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंचा आहे आणि प्रत्येक बिंदू आकाशातील सुमारे ०.७ कोनीय सेकंद व्यापतो. इथे बैठकीवर तीन ओझी एकदम येतात. प्रक्षेपणाच्या कंपनात काहीही सरकता कामा नये. नंतर पुढ्यात सूर्य आणि पाठीशी थंड अवकाश असताना तापमान ठरलेल्या मर्यादेत राहावे लागते. संवेदक शून्याखाली बराच थंड ठेवावा लागतो, पण त्याला धरणारा भाग आरशांच्या बाजूची उष्णता त्याच्यापर्यंत पोचू देणारा नसावा लागतो. तिसरे ओझे कमी चर्चेतले, तरी जंबुपार कामात सर्वांत घातक. चिकटद्रव्ये, वंगणे आणि तारांची वेष्टने निर्वात अवस्थेत बाष्प सोडतात. ते आरशावर बसले आणि त्यावर जंबुपार किरण पडले की पातळ थर घट्ट होतो आणि नेमके तेच किरण गिळतो. त्यामुळे चिकटद्रव्य निवडताना त्याच्या मजबुतीआधी ते निर्वातात किती वाफ सोडते हे पाहिले जाते. एकदा सुटलेल्या यानाचा स्क्रू पुन्हा आवळता येत नाही. म्हणून फोकस जुळवण्याची चालती यंत्रणा उपकरणातच ठेवलेली आहे.

आयुकात वॉलॉप हे ध्रुवणमापी उपकरण बांधण्याचे काम वेगळ्या कारणाने अवघड आहे. पसिफाई या आकाश-सर्वेक्षणासाठीची अशी दोन उपकरणे दक्षिण आफ्रिकेत सदरलॅंड आणि क्रीट बेटावर स्किनाकास येथील दुर्बिणींसाठी आहेत, आणि त्यांना ताऱ्यांच्या प्रकाशाचे ध्रुवण एका टक्क्याच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचे आहे. काचेवर ताण आला की ती प्रकाशाच्या दोन ध्रुवण-दिशांना वेगवेगळा अपवर्तनांक दाखवते. म्हणजे जास्त आवळलेले भिंग स्वतःच खोटे ध्रुवण तयार करते. प्रतिमा स्वच्छ दिसत असतानाही मापन चुकलेले असू शकते. शिवाय ज्या कॅल्साइट स्फटिकाचे लोलक प्रकाश दुभंगतात, तो स्फटिक एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिच्या काटकोनात किंचित आकुंचन पावतो. एकाच धातूशी त्याची जुळणी कोणत्याही दिशेने पूर्ण होत नाही. मऊ आधार आणि फ्लेक्सर इथे सोयीपुरते नसून अपरिहार्य ठरतात.

कारखान्यातील मापनात काच कमी आणि हवा जास्त त्रास देते. सीएनसी यंत्राचा प्रवास तपासायला ६३३ नॅनोमीटरचा लेझर इंटरफेरोमीटर लावतात. लेझरची तरंगलांबी हवेच्या घनतेप्रमाणे बदलते. हवा एक अंशाने तापली की मीटरमागे सुमारे एक मायक्रॉनचा फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथला दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, समुद्रसपाटीला तो १०१३ असतो. यंत्रात मुंबईचा दाब तसाच ठेवून पुण्यात मोजले तर एक मीटरच्या प्रवासात सुमारे १७ मायक्रॉनची चूक येते, जी चांगल्या यंत्राच्या परवानगी असलेल्या चुकीपेक्षा जास्त आहे. पोलादाची पट्टीसुद्धा एका अंशाला मीटरमागे ११ ते १२ मायक्रॉन वाढते. म्हणूनच जगभर लांबी २० अंशांनाच सांगतात आणि पुण्याच्या स्टँडर्ड रूमचा वातानुकूलक मे महिन्यात अहोरात्र चालतो.

याखेरीज आरसा चुकीच्या जागी बसवल्याने येणाऱ्या चुका असतात. किरण यंत्राच्या प्रवासाशी एका मीटरला एक मिलिमीटर तिरका गेला तर मीटरमागे अर्धा मायक्रॉन कमी मोजला जातो. परावर्तक मोजायच्या रेषेपासून १०० मिलिमीटर वर बसवला आणि टेबल प्रवासात पाच कोनीय सेकंदांनी डोलले तर २.४ मायक्रॉनची चूक येते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट ॲबे यांनी १८९० साली मांडलेला नियम असा, की मापनाची रेषा आणि मोजायची रेषा एकच असावी. जागेअभावी तो मोडावा लागतो तेव्हा निदान किती मोडला हे तपासकाने नोंदवावे. काचेच्या पट्ट्यांवरचे रेषीय एन्कोडर बसवताना पट्टी एका बिंदूला घट्ट आणि बाकी लांबीत लवचिक धरतात, कारण यंत्राचे पोलाद आणि पट्टीची काच सारख्या वेगाने वाढत नाहीत. असेंब्ली लाइनवरच्या कॅमेऱ्यांत सी-माउंटच्या बैठकीपासून संवेदकापर्यंतचे अंतर १७.५२६ मिलिमीटर ठरलेले असते. प्रत्यक्षात तक्रारी येतात त्या कंपनाने फिरलेल्या फोकस-रिंगच्या. लॉक-स्क्रू आणि त्यावर चिकटद्रव्याचा एक थेंब हे तिथले खरे तंत्रज्ञान आहे.

मापनासाठीची बैठकच चुकली तर काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण हबल दुर्बिणीचे. १९९० साली सोडलेल्या या दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा घासताना तपासणीच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसले होते. आरसा त्या चुकीच्या मापाबरहुकूम अतिशय काटेकोर घासला गेला आणि कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने सपाट झाला. अधिक साध्या उपकरणाने दोष दाखवला होता, पण तो मानला गेला नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशिकी बसवली.

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लिगो-इंडियात काच धरण्याची कला टोकाला जाते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार किलोमीटर लांब बाहूंची ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली, आणि तिच्या भागीदार संस्थांत आयुका आहे. लिगोच्या रचनेत ४० किलो वजनाचा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा फ्यूज्ड सिलिकाचा आरसा चार टप्प्यांच्या लंबकाच्या शेवटी सिलिकाच्याच चार तंतूंवर लटकतो. प्रत्येक तंतू सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीचा आणि ६० सेंटिमीटर लांब असतो. धातूची तार का नाही? धातूत उष्णतेमुळे होणारी अंतर्गत थरथर आरशापर्यंत पोचते. सिलिकात ती फार कमी असते. आरशाच्या बाजूला सिलिकाचे छोटे कान रासायनिक पद्धतीने जोडतात. अल्कधर्मी द्रावणाचा थेंब दोन्ही पृष्ठे किंचित विरघळवतो आणि सुकताना त्यांच्यात सिलिकेटचा अतिसूक्ष्म थर तयार होतो. इपॉक्सीसारखी मऊ वस्तू तिथे उरतच नाही. मग तंतूंची टोके कार्बन डायऑक्साइड लेझरने वितळवून कानांना जोडतात.

यांपैकी कोणतीही बैठक एकदा बसवून विसरता येत नाही. पुण्यात जून ते सप्टेंबरच्या दमटपणात भिंगांच्या लेपावर बुरशी धरते आणि ती सेलच्या आत, खांद्यापाशी, पुसता न येणाऱ्या जागी सुरू होते. संरक्षणासाठीची दृष्टी-उपकरणे म्हणूनच सीलबंद करून त्यांत कोरडा नायट्रोजन भरतात. पुण्यातील भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात रात्रीच्या दृष्टीची उपकरणे फार पूर्वीपासून आहेत. लेझर कटिंगच्या यंत्रात संरक्षक काच काडतुसासारख्या सरकत्या बैठकीत असते. तिच्यावर धुळीचा कण जळला की ती तापते, फोकस सरकतो आणि पत्र्याची कड खडबडीत येते. अशा वेळी काच बदलताना नवीन काच कोरड्या कापडाने पुसायची नसते, आणि रिंग हाताने बसेल तेवढीच फिरवायची असते.